मलकापूर ते बँकॉक : दोघांच्या पहिल्या परदेशवारीचा हिशोब, उंबरठ्यापासून

बुलढाण्याहून मलकापूरला निघालेल्या एसटीत कंडक्टरने आमची दोन तिकिटं काढली. एक पूर्ण, एक अर्धं. अर्धं माझं. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत निम्मं भाडं लागतं, ते परदेशी निघालेल्या बाईलाही लागतं. गाडी राजूर घाट उतरत होती आणि मी पिशवीतून वही काढून त्यात आकडा लिहीत होते. हे म्हणाले, "एसटीचे पण धरायचे का त्यात?"

धरायचे. परदेशवारीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो : विमानाचं तिकीट केवढ्याला पडलं? आमच्या वहीत सगळ्या वारीचा खर्च १ लाख ११ हजार ४५० रुपये झाला. त्यात दोघांचं जाण्यायेण्याचं विमानभाडं ४६ हजार ४०० होतं. म्हणजे शंभरातले जेमतेम बेचाळीस रुपये विमानाचे, बाकीचे अठ्ठावन्न इतर गोष्टींचे. मुंबईकर माणूस घरातून निघून तासाभरात विमानतळावर असतो. आपण विमानापासून पाचशे किलोमीटरवर राहतो, आपली वारी घाटातच सुरू होते. म्हणून हा हिशोब उंबरठ्यापासून मांडते आहे. आकडे आमच्या जानेवारीतल्या प्रवासाचे आहेत. तुमचे हंगामाप्रमाणे दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, पण खर्चाची खाती हीच राहतील.

देश कोणता निवडायचा

पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याने व्हिसाचा खर्च आणि धाकधूक दोन्ही नसलेला देश निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं नुसतं शुल्क माणशी ९० युरो आहे. शिवाय तीस हजार युरोचं विमा संरक्षण, बँकेची विवरणं, मुंबईत जाऊन बोटांचे ठसे. एवढं करून व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला घरबसल्या मिळतो, तोही चांगला पर्याय आहे. मलेशियाने भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांच्या व्हिसाशिवायच्या मुक्कामाची मुदत ६० दिवसांची केली. असे नियम मध्येच बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाचं संकेतस्थळ एकदा पाहाच. आम्ही बँकॉक निवडलं ते व्हिसा लागत नव्हता म्हणून, आणि मुंबईहून ते सव्वाचार तासांवर आहे म्हणूनही.

पासपोर्ट, आणि बायकांची नावं

पासपोर्टचं साधं शुल्क ३६ पानांसाठी १,५०० रुपये, दोघांचे ३,०००. तातडीने हवा असेल तर माणशी आणखी २,०००. साठी ओलांडलेल्यांना नव्या पासपोर्टच्या साध्या अर्जावर दहा टक्के सवलत आहे, ती मागून घ्या. आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच भरायचा. त्याच्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी बनावट संकेतस्थळं बरीच आहेत, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना ते बघा. पोलीस पडताळणीला कुठलंही शुल्क नाही. हातातला पासपोर्ट जुना असेल तर प्रवासाच्या तारखेपासून पुढे निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी.

आता मुद्द्याचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तेही आडनाव आधी. माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचं असंच असतं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी नावाचा वेगळा असतो. बाकी नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव सलग येतं. विमानाच्या तिकिटावर अगदी हेच, याच क्रमाने, याच स्पेलिंगने हवं. आमचं तिकीट ज्यांनी काढलं त्यांनी आधार समोर धरून नाव टाकलं. माझं आडनाव झालं पहिलं नाव आणि ह्यांचं नाव झालं माझं आडनाव. मी पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून बोटाने अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं म्हणून प्रवासाच्या तीन आठवडे आधी लक्षात आलं. दुरुस्तीचे साडेतीन हजार गेले. विमानतळावर लक्षात आलं असतं तर नवं तिकीट काढावं लागलं असतं, तेही त्या दिवशीच्या दराने.

नव्या जोडप्यांना तर हात जोडून सांगते. लग्न झालं म्हणून मुलीच्या पासपोर्टात लगेच नाव बदलायलाच हवं असं काही नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तिकीट माहेरच्याच नावाने काढा. पत्रिकेत छापलेलं नवं नाव तिकिटावर टाकू नका. आणि आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-शारजा, २०२२ च्या अखेरीपासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकाला घेत नाहीत.

तिकीट दिसतं तेवढ्याला पडत नाही

मोबाइलवर पहिल्यांदा दिसणारा दर हा नुसत्या माणसाचा असतो, त्याच्या सामानाचा नसतो. स्वस्त विमान कंपन्यांच्या सर्वांत खालच्या दरात बहुधा सात किलोची हातातली बॅगच धरलेली असते. मोठी बॅग तिकिटासोबतच घेतली तर स्वस्त पडते, विमानतळावर वजन करून घेतली तर कितीतरी पट. आम्ही दोघांत एकच वीस किलोची बॅग घेतली आणि निघायच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवली. काटा म्हणाला २२ किलो ४०० ग्रॅम. दुकानातच बॅग उघडून ह्यांचा जादा स्वेटर आणि माझी एक साडी काढली. बँकॉकला जानेवारीत स्वेटर लागत नाही, हे तेवढ्यात दुकानदारानेच सांगितलं. त्याचा पुतण्या जाऊन आलेला होता.

जागा निवडण्याचे पैसे भरले नाहीत तरी चालतं, वेब चेक-इन केलं की जागा फुकट मिळते. फक्त दोघं शेजारी बसाल याची खात्री नाही. चार तासांचा प्रश्न आहे, आम्ही पैसे वाचवले आणि योगायोगाने शेजारीच बसलो.

विमा मात्र वाचवू नका. आठवड्याभराचा दोघांचा प्रवास विमा १,३०० रुपयांत झाला. मधुमेह, रक्तदाब असेल तर अर्जात खरं लिहा. लपवलं आणि तिकडे दवाखान्यात जायची वेळ आली, तर कंपनी दावा नाकारते आणि ते बिल बाथमध्ये तुमच्या अंगावर येतं.

सहल कंपनीचं पॅकेज घेणाऱ्यांनी कागदावर लिहून घ्यावं : दर मुंबईपासूनचा आहे की आपल्या गावापासूनचा, दुपारचं जेवण धरलंय का, वाहनचालक आणि गाईडची बक्षिसी वेगळी आहे का, आणि "ऐच्छिक" म्हणून दाखवलेल्या सहली सोडल्या तर उरलेल्या दिवसात आपण करायचं काय. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याशिवाय टीसीएस नावाचा कर आगाऊ कापला जातो. २०२५-२६ मध्ये तो दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर ५ टक्के होता, २०२६ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के केला. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरलं की हिशोबात धरला जातो किंवा परत मिळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणारी पुष्कळ कुटुंबं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांनी त्या वर्षापुरतं भरावं, नाहीतर हे पैसे गेलेच समजा.

घाटावरून मुंबईपर्यंत

आपल्या जिल्ह्यात रेल्वे घाटाखाली आहे : मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, आणि फाट्यावरचं खामगाव. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा इथे रूळ नाहीत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजाच्या लोकांना जालना स्टेशन सोयीचं. मेहकर आणि सिंदखेड राजाकडच्या मंडळींना समृद्धी महामार्ग दारात आला आहे, ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला, आणि खासगी स्लीपर बसचे दर हजार ते दीड हजारांच्या घरात असतात. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला जळालेल्या बसमध्ये २५ माणसं गेली, ते आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रात्रीच्या बसने जायचंच असेल तर आपत्कालीन दार कुठे आहे आणि ते उघडतं का, हे बसल्या बसल्या बघून घ्या.

आम्ही रेल्वेने गेलो. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती–मुंबई एक्सप्रेस या दोन्ही रात्रीच्या गाड्या शेगाव-मलकापूरला थांबतात आणि सकाळी मुंबईत सोडतात. एसी थ्री टियरचं तिकीट आठशेच्या आसपास, स्लीपरचं त्याच्या निम्म्याहून कमी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी काढा, प्रतीक्षायादीवर परदेशवारी टांगू नका. जाण्यायेण्याची एसटी, रेल्वे आणि मुंबईतली मेट्रो मिळून दोघांना ३,७०० रुपये लागले.

नागपूरहून थेट परदेशी विमानं आहेत, पण ती दोहा-शारजाकडची. संभाजीनगरहून मुंबईला विमानाने जाता येतं. मात्र ते तिकीट आणि पुढचं बँकॉकचं तिकीट वेगवेगळं काढलेलं असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच तिकिटात दोन्ही प्रवास असतील तरच हा मार्ग धरा.

रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये अंतर किती ठेवायचं? आमच्या गाडीची दादरची वेळ सकाळची होती आणि विमान त्या रात्रीचं. नातेवाईक म्हणाले, इतका वेळ मुंबईत काय करणार? गाडी दोन तास उशिरा आली तेव्हा आम्ही डब्यात निवांत चहा पीत होतो. दहा-बारा तासांचं अंतर हा माझा किमान आकडा आहे. दिवसभरासाठी दादरला साधी खोली १,८०० रुपयांत घेतली, आंघोळ, झोप, जेवण झालं. जेवणाचे ६०० धरून मुंबईचा दिवस २,४०० ला पडला. बुडालेल्या विमान तिकिटापुढे हे काहीच नाही.

आणखी एक चूक मी ओळखीच्या दोन घरांत पाहिली आहे. विमान "१५ तारखेला ००:४०" असं लिहिलेलं असतं. म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर पोचायचं आहे. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. रेल्वेचं आरक्षण करण्याआधी ही तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तिकिटावर विमानतळाचं नावही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. मुंबई म्हणजे एकच विमानतळ हे दिवस संपले. आमचं विमान अंधेरीच्या बाजूच्या टर्मिनल २ वरून होतं, आणि तिथे जायला आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्याने सीएसएमटी आणि दादर ही दोन्ही ठिकाणं टी२ च्या स्थानकाशी थेट जोडली गेली. भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. टॅक्सीवाल्याने आम्हाला सातशे सांगितले होते.

विमानतळावरची रात्र

तीन तास आधी पोचा. चेक-इनची खिडकी विमानाच्या तास-सव्वा तास आधी बंद होते आणि मग विनंती चालत नाही. तिकडे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि पूर्ण फुकट आहे. "शुल्क भरा" असं कुठे दिसलं तर ते संकेतस्थळ सरकारी नाही. भरलं की येणारा चौकोनी कोड कागदावर छापून ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐनवेळी दगा देते. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण हेही छापील. तिकडचे अधिकारी खर्चाला पैसे आहेत का असंही विचारू शकतात, कुटुंबासाठी वीस हजार बाथ दाखवता आले पाहिजेत असा नियम आहे. आम्हाला विचारलं नाही, पण तयारी होती.

डब्याचं सांगते, कारण आपल्याकडचं कोणीही डब्याशिवाय निघत नाही. पोळ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी हातातल्या बॅगेत चालली. ठेचा तेलातला म्हणून मोठ्या बॅगेत टाकला, डबल पिशवीत. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा. ते चटकन पेट घेतं म्हणून २०२२ पासून मोठ्या बॅगेतही नेता येत नाही. माझ्यासमोर एका काकूंच्या बॅगेतून खोबऱ्याच्या चार वाट्या काढून घेतल्या, सत्यनारायणाच्या प्रसादातल्या होत्या, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पॉवर बँकचं उलट आहे : ती हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही.

पैसे विमानतळाच्या आत बदलू नका, तिथला दर सगळ्यात वाईट. मुंबई शहरात अधिकृत दुकानातून थोडे बाथ घ्या आणि पावती घ्या. चलन बदलावर जीएसटी अगदी थोडा असतो, पंचवीस हजारांपर्यंत ४५ रुपये. त्याहून जास्त कोणी लावत असेल तर कशाचे ते विचारा. पन्नास हजारांच्या वरची रक्कम रोख देता येत नाही, बँकेतूनच द्यावी लागते. बाकी खर्चाला कार्ड ठेवा, आणि तिकडच्या दुकानदाराने यंत्र पुढे करून "रुपयांत की बाथमध्ये?" असं दाखवलं तर बाथ निवडा. रुपये निवडले की त्यांच्या मनाचा दर लागतो. एटीएममधून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा. दरवेळी तिथली बँक २२० बाथच्या आसपास शुल्क कापते, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार.

उतरल्यावरचा पहिला दिवस

सकाळी विमान उतरलं तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजायचे होते आणि तिकडे साडेसहा होत आले होते. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. रोमन अक्षरांतली पाटी वाचताना मी ते नाव मोठ्याने उच्चारलं आणि ह्यांनी वळून पाहिलं, म्हणाले, "हे तर आपलंच नाव आहे." त्या दिवशी असं दोन-चारदा झालं.

पुढे हिशोबाला एक बाथ म्हणजे तीन रुपये धरा, सोपं जातं. तळघरातून शहरात जाणारी रेल्वे आहे, फाया थाई या शेवटच्या स्थानकापर्यंत माणशी ४५ बाथ, अर्ध्या तासाच्या आत. टॅक्सी घेतली तर मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाथ आणि टोल वेगळा. चार माणसं असाल तर टॅक्सी परवडते, दोघांना रेल्वे. मोबाइलचं पर्यटक सिम साडेतीनशे बाथला एकच घेतलं, दोघांना पुरलं.

हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. हे ठाऊक नसेल तर पहिला दिवस सोफ्यावर जातो किंवा आणखी एका रात्रीचे पैसे जातात. आम्ही बॅग स्वागतकक्षात ठेवली, त्याचे पैसे लागत नाहीत, तोंड धुतलं आणि बाहेर पडलो. फाया थाईहून उन्नत रेल्वेने सफान टाकसिन, साधारण ४५ बाथ. खाली चाओ फ्राया नदीचा धक्का. इथे पर्यटकांच्या महागड्या बोटींचे दलाल उभे असतात. त्यांना टाळून नारिंगी झेंड्याच्या बोटीची रांग धरा, कुठेही उतरा, १६ बाथ. कामावर जाणारी माणसं, शाळेची पोरं, एक भिक्खू, आणि आम्ही. पूर्णेला पूर आल्यावर दिसतं तसं गढूळ, रुंद पाणी, आणि दोन्ही काठांना सोनेरी शिखरं.

बोटीतून उतरून आधी राजवाडा. तिकीट ५०० बाथ, सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, फुलपँट यात काही अडचण नाही, अर्ध्या चड्डीत आलेल्यांना मात्र बाहेर जाऊन कपडे विकत घ्यावे लागत होते. रस्त्यात कोणी सभ्य माणूस थांबवून "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणाला तर चालत राहा. तो टुकटुकने दागिन्यांच्या दुकानात नेतो. आम्हालाही एक भेटला. राजवाडा उघडा होता.

आतल्या मंदिराच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, ते त्याला रामकियेन म्हणतात. १७८ चित्रचौकटी आहेत. सोन्याचा मुलामा दिलेला हनुमान आम्ही शोधून काढला आणि तिथेच अर्धा तास गेला. गाईड केला नव्हता. गोष्ट आजीने सांगितलेली असताना गाईडला पैसे कशाला द्यायचे?

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत वाट फो मंदिर, ३०० बाथ, त्यात पाण्याची बाटली मिळते. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांबीचा. अजिंठा आमच्या शेजारचं, २६ व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध मी शाळेच्या मुलींना घेऊन किती वेळा पाहिला असेल. तो सात मीटरचा, मावळत्या प्रकाशातल्या दगडाचा, खाली शोक करणारी माणसं. हा सोन्याच्या मुलाम्याचा, डोळे उघडे, तळव्यांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ मंगलचिन्हं. भिंतीशी ओळीने १०८ काशाची भांडी ठेवली आहेत. लोक त्यात एकेक नाणं टाकत जातात आणि सगळ्या दालनात टिणटिण असा आवाज भरून राहतो. वीस बाथला सुट्ट्या नाण्यांची वाटी मिळते. ती मी घेतली, आणि वहीत वेगळी लिहिली.

धक्क्यावरून पाच बाथच्या होडीने पलीकडे वाट अरुण, तिकीट २०० बाथ. अरुण म्हणजे तोच, सूर्याचा सारथी. चिनी मातीच्या बशांचे तुकडे लावून सजवलेलं शिखर आहे, ऊन कलल्यावर पाहा. येताना पुन्हा बोट आणि रेल्वे. हा पूर्ण दिवस दोघांना प्रवास आणि तिकिटं मिळून २,२५४ बाथला, म्हणजे पावणेसात हजार रुपयांना पडला. पाच दिवसांतला हाच सगळ्यात महाग दिवस होता. नंतर एक दिवस आम्ही अयुथयाला गेलो, नाव अयोध्येवरूनच आलेलं, तर तिसऱ्या वर्गाचं रेल्वे तिकीट माणशी २० बाथ होतं.

माळकऱ्यांनी काय खावं

हे माळकरी आहेत, त्यामुळे जेवणाचा अभ्यास घरूनच केला होता. तिकडे भाजीच्या पदार्थातही माशाचं पाणी घालतात, नाम प्ला म्हणतात त्याला. "नो मीट" म्हटलं तरी ते घालतातच, कारण ते त्यांच्या लेखी मीठ आहे. "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, त्यात मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं. अशी पोटभर थाळी साठ-सत्तर बाथला मिळाली. पाहुरात भागात भारतीय वस्ती आहे, तिथल्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. आम्ही एकदा जेवलो आणि पेटीत टाकलेली रक्कम मी वहीत लिहिली नाही. दोघांना दिवसाला सातशे ऐंशी बाथ धरले तर फळं, चहा, नारळपाणी सगळं बसतं. पाच दिवसांचे ११,७०० रुपये झाले.

हॉटेल रात्रीला १,२०० बाथ, पाच रात्रींचे १८,००० रुपये. स्थानकापासून चालत जाण्याएवढं जवळ घेतलं होतं, म्हणून शहरातला सगळा प्रवास ४,२०० रुपयांत भागला. दोनशे बाथ स्वस्त पण लांबचं हॉटेल घेणारे ते दोनशे रोज टुकटुकला देतात. मंदिरं, राजवाडा आणि अयुथयाची तिकिटं मिळून ७,२००. सिमचे १,०५०. खरेदी ९,०००, त्यात लेकीसाठी रेशमी कापड आणि शेजारच्या किराणा दुकानदारासाठी सुकवलेले आंबे.

सोनं आणायचा मोह होतो. आठवड्याभरासाठी गेलेल्या पर्यटकाला परदेशातलं सोनं करमुक्त आणता येत नाही, विमानतळावर सीमाशुल्क भरावं लागतं. अंगावरचं मंगळसूत्र चालतं, पण जाताना जड दागिने घालून जाऊच नका. परतताना "हे इथलंच आहे" हे सिद्ध करत बसावं लागतं.

परतीच्या रेल्वेचं आरक्षण मी मुद्दाम विमान उतरण्याच्या दुसऱ्या दिवसाचं केलं होतं. विमान वेळेवर आलं, आम्ही ती रात्र भाचीकडे काढली. उरलेले नोटांचे बाथ मुंबईत बदलून मिळाले. नाणी मात्र कोणी घेत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशी विमानतळावर पाणी घेऊन संपवा. माझ्याकडे तरी दहा बाथचं एक नाणं राहिलं. मलकापूरला एसटीत कंडक्टरला सुट्टे देताना तेच हातात आलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, "कुठलं हो काकू हे?" आणि परत देऊन अर्धं तिकीट माझ्या हातात ठेवलं.